गाभा, काठ आणि लेप : प्रकाशतंतु-तापमापकाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

(१)

काही महिन्यांपूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी योजिलेले एक मराठी व्याख्यान ऐकण्याचा योग आला. विषय होता ‘आत्यंतिक तापमानांच्या मापनासाठी आवरणयुक्त प्रकाशतंतु-संवेदक’. व्याख्याते आपल्या विषयात निष्णात होते आणि मराठीतून बोलण्याचा त्यांचा आग्रह मनापासूनचा होता. प्रारंभी त्यांनी सांगितले की, तंतूच्या आवरणाचा अपवर्तनांक गाभ्याच्या अपवर्तनांकापेक्षा कमी असतो आणि म्हणूनच प्रकाश आत कोंडून राहतो. पुढे काही वेळाने ते म्हणाले की, आवरण सोन्याचे असल्यास तंतू सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येतो. यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “म्हणजे प्रकाश काच आणि सोने यांच्या सीमेवरून परततो काय?” सभागृहात थोडे हसू उमटले. व्याख्याते म्हणाले, “ते आवरण वेगळे आणि हे आवरण वेगळे.” व्याख्यान संपल्यावर बाहेर पडताना दुसरा एक विद्यार्थी आपल्या मित्राला सांगत होता की, असले विषय इंग्रजीतूनच शिकलेले बरे.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न हसण्याजोगा नव्हता. तिने भौतिकशास्त्रात चूक केली नव्हती. तिने भाषेवर विश्वास ठेवला होता. एकाच व्याख्यानात एकाच शब्दाने दोन वस्तूंचा निर्देश झाला, तेव्हा त्या वस्तू एकच आहेत असे तिने मानले. शास्त्रीय भाषेच्या वाचकाकडून हीच अपेक्षा असते. दोष असेल तर तो शब्दयोजनेचा आहे. हा दोष मराठीच्या अंगभूत दुबळेपणातून आलेला नाही, आणि केवळ नवे संस्कृत शब्द घडवून तो दूर होणारही नाही, असे मला वाटते. प्रस्तुत टिपणात तेच दाखविण्याचा प्रयत्न आहे.

(२)

प्रथम वस्तूचा परिचय करून घेणे इष्ट होईल. दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण एकरीती तंतूत तीन भाग असतात. मध्यभागी सुमारे ९ मायक्रोमीटर व्यासाचा काचेचा गाभा असतो. त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाची काच असते. तिच्यासह तंतूचा व्यास १२५ मायक्रोमीटर भरतो. या दोन काचांच्या सीमेवर प्रकाश कोंडला जातो. याबाहेर बहुधा अॅक्रिलेट या बहुवारिकाचा मऊ थर असतो आणि त्यासह एकूण व्यास सुमारे २५० मायक्रोमीटर होतो. प्रकाशाच्या वहनाशी या तिसऱ्या थराचा प्रत्यक्ष संबंध नसतो. काचेच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा असतात, त्यांत हवेतील ओलावा शिरला की चिरा वाढतात आणि तंतू तुटतो; हे टाळणे हे त्या थराचे काम. दोन तंतू जोडताना कारागीर हा थर सोलून काढतो. आतली बाहेरची काच मात्र तो सोलत नाही. ती सोलता येतच नाही, कारण ती तंतूच आहे.

असा तंतू तापमान कसा मोजतो? त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ब्रॅग जालकाचा प्रकार आपल्या चर्चेस सोयीचा आहे. तंतूच्या गाभ्यात ठरावीक अंतरांनी अपवर्तनांक किंचित कमीजास्त केलेला असतो. कॅनडात केनेथ हिल व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये असे जालक प्रथम तयार केले. हे जालक एकच विशिष्ट तरंगलांबी परत पाठविते. ती तरंगलांबी म्हणजे जालकातील अंतर आणि काचेचा अपवर्तनांक यांच्या गुणाकाराची दुप्पट. तापमान बदलले की काच थोडी प्रसरण पावते आणि तिचा अपवर्तनांकही बदलतो. त्यामुळे परतणारी तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या परिसरात, नेहमीच्या तापमानाला, हे सरकणे अंशामागे सुमारे १० पिकोमीटर, म्हणजे नॅनोमीटरचा शंभरावा भाग, इतके असते. तरंगलांबी अचूक मोजली की तापमान कळते. तारेतून वीज वाहत नसल्याने विद्युत्-चुंबकीय व्यत्ययाची भीती नसते, आणि म्हणूनच जेथे विजेवर चालणारे तापमापक अडखळतात अशा जागी हे साधन उपयोगी पडते.

(३)

आता शब्दाकडे वळू. बाहेरची काच आणि तिच्यावरचा थर या दोहोंसाठी इंग्रजीत दोन निराळी नावे आहेत : क्लॅडिंग आणि कोटिंग. दोन्ही शब्द मुळात वस्त्राचे. ‘क्लॅड’ म्हणजे कपडे घातलेला; ‘कोट’ तर आपल्याही परिचयाचा. व्युत्पत्तीवर भिस्त ठेवणाऱ्या भाषांतरकाराने दोहोंसाठी ‘आवरण’ हाच शब्द योजिला, यात नवल नाही. त्याने प्रत्येक शब्दाचा अर्थ स्वतंत्रपणे पाहिला आणि तो बरोबरच पाहिला. परंतु त्याने ते दोन शब्द एकमेकांसमोर उभे करून पाहिले नाहीत. सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाशास्त्रात रूढ झालेला एक सिद्धान्त येथे आठवतो : शब्दाचे मूल्य त्याच्या व्युत्पत्तीत नसते, ते शेजारच्या शब्दांहून असलेल्या त्याच्या वेगळेपणात असते. इंग्रजीतील ते दोन शब्द एकाच कुळातील अर्थाचे असूनही परस्परांहून भिन्न आहेत, म्हणून तेथे काम भागते. मराठीत भाषांतर झाले ते अर्थाचे. भेद मात्र मागे राहिला.

या भेदाला इतिहासही आहे. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयी दोन टिपणे आली. एक हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचे, दुसरे नेदरलंड्‌समधील वान हील यांचे. उघडे तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपतो. हे टाळण्यासाठी वान हील यांनी तंतूला कमी अपवर्तनांकाच्या प्लॅस्टिकचा थर दिला. म्हणजे प्रकाश कोंडणारा भाग मुळात बाहेरून चढविलेला थरच होता. त्या काळी एकच शब्द दोन्हींसाठी चालला असता, तर त्याला दोष देता आला नसता. १९५६ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस यांनी काचेची कांडी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत बसवून दोन्ही एकत्र वितळविल्या आणि त्यांचा एकच तंतू ओढला. तेथून कोंडणारा भाग तंतूचे अंग झाला आणि बाहेरचा रक्षक थर निराळा राहिला. वस्तू दुभंगली, आपला शब्द दुभंगला नाही.

(४)

हा पहिला गोंधळ झाला. याहून गंभीर गोंधळ पुढे आहे, आणि तो इंग्रजीतही आहे. बाहेरच्या थराला आपण ‘लेप’ हे वेगळे नाव दिले, असे क्षणभर समजू. तरीही ‘लेपित तंतु-संवेदक’ म्हणताना तो लेप करतो काय, हे कळत नाही. आत्यंतिक तापमानांच्या क्षेत्रात लेपाची निदान तीन निरनिराळी कार्ये दिसतात.

पहिले कार्य रक्षणाचे. नेहमीचा अॅक्रिलेटचा लेप सुमारे ८५ अंशांपर्यंतच भरवशाचा असतो. पॉलिइमाइडचा लेप सुमारे ३०० अंशांपर्यंत जातो. त्यापुढे धातू लागतात. सोन्याचा लेप सुमारे ७०० अंशांपर्यंत वापरतात. म्हणजे काच पुष्कळ अधिक उष्णता सोसू शकत असताही मर्यादा ठरते ती लेपाची. येथे लेप प्रकाशाला काही सांगत नाही. तो तंतूला जगवितो.

दुसरे कार्य याच्या अगदी उलट टोकाचे आहे. अतिसंवाहक चुंबक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने थंड ठेवावे लागतात. हेलियमचा उत्कलनबिंदू ४.२ केल्व्हिन, जिनीव्हाजवळील मोठ्या कणत्वरकाचे चुंबक तर १.९ केल्व्हिनवर चालतात. अशा थंडीत सिलिका काचेचा प्रसरणांक अत्यल्प होतो, त्याचे चिन्हही पालटते, आणि अपवर्तनांकाचा बदलही जवळजवळ थांबतो. परिणामी उघडे ब्रॅग जालक काही दशक केल्व्हिनच्या खाली जवळपास मुके होते : तापमान बदलते, पण तरंगलांबी हलत नाही. यावर उपाय म्हणून जालकावर शिसे, इंडियम यांसारख्या धातूचा किंवा एखाद्या बहुवारिकाचा लेप देतात. शिशाचा प्रसरणांक नेहमीच्या तापमानाला काचेच्या पन्नासपटींहून अधिक असतो आणि थंडीतही तो काचेच्या मानाने बराच मोठा राहतो. लेप आकुंचन पावतो, आपल्याबरोबर काचेलाही ओढतो, आणि ती ओढ तरंगलांबीत उमटते. येथे तापमान ‘जाणतो’ तो लेप. काचेचे काम केवळ निरोप पोहोचविण्याचे. मात्र त्यासाठी लेप पुरेसा जाड व ताठ असावा लागतो. अगदी पातळ लेपाला १२५ मायक्रोमीटरची काच जुमानत नाही.

तिसरे कार्य प्रकाशण्याचे. सिलिकाची मर्यादा ओलांडली की रंगहीन नीलम स्फटिकाचा तंतू वापरतात. नीलमाचा द्रवणांक २००० अंशांहून अधिक आहे. अमेरिकेत आर. आर. डिल्स यांनी १९८३ मध्ये अशा तंतूच्या टोकावर धातूचा पातळ थर चढवून तेथे एक लहानशी कृष्णिका सिद्ध केली. टोक तापले की ते प्रारण उत्सर्जित करते, ते तंतूतून बाहेर येते, आणि प्लांकच्या नियमावरून त्याचे तापमान काढता येते. येथे बाहेरून प्रकाश पाठविण्याचेही कारण नाही. लेप हाच दिवा आहे आणि त्याचे तेज हेच मापन आहे. शिवाय या तंतूला बाहेरची काच नसतेच. भोवतालची हवाच ते काम करते. ‘आवरणयुक्त’ आणि ‘आवरणरहित’ हे दोन्ही शब्द या एकाच तंतूला एकाच वेळी लागू पडतात, यापेक्षा परिभाषेची अधिक शोचनीय अवस्था कोणती?

(५)

‘लेपित’ हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित. लेपन ही क्रिया होऊन गेली आहे, तंतू हा तिचे कर्म आहे, आणि लेप ही आता तंतूची एक अवस्था आहे, इतकेच हे रूप सांगते. ‘रंगविलेली भिंत’ म्हटल्यावर रंग भिंतीचे काही करीत असेल असे आपल्या मनात येत नाही. रक्षक लेपाच्या बाबतीत हे रूप कसेबसे चालते. शिशाच्या लेपाच्या बाबतीत मात्र ते वस्तुस्थितीच्या विरुद्ध जाते, कारण तेथे कर्ता लेप आहे आणि कर्म तंतू. व्याकरणाने कर्त्याला विशेषणात दडविले, आणि विद्यार्थ्याने त्याला गौण मानले.

आपल्या रोजच्या भाषेने मात्र ही चूक केलेली नाही. ‘मुलामा’ दाखविण्यासाठी असतो. आतील धातूशी त्याला कर्तव्य नसते. ‘कल्हई’ दिसण्यासाठी नसते. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून ती असते, आणि ती उडाली की कल्हईवाल्याला हाक मारावी लागते. ‘लेप’ अंगावर लावला की तो काहीतरी करतो : सूज उतरवितो, दाह शमवितो. ‘गवसणी’ तंबोऱ्याला घालतात ती वाजविताना काढून ठेवण्यासाठी. ‘अस्तर’ आतून असते, ‘गिलावा’ बाहेरून. एका वस्तूवर दुसरी वस्तू असणे या एकाच घटनेचे इतके प्रकार मराठी माणसाने नावे देऊन वेगळे केले आहेत, आणि ते केले आहेत कार्यावरून. परिभाषा घडविताना आपण हा सारा व्यवहार बाजूला ठेवला आणि ज्यात कोणताच भेद उरत नाही असा ‘आवरण’ हा शब्द उचलला.

येथे शुद्धिवाद्यांचा एक आक्षेप संभवतो. शब्दाचा मूळ अर्थ वस्तूशी जुळला पाहिजे, असे ते म्हणतील. मला हे मान्य नाही. ‘तापमान’ हाच शब्द पाहा. ताप म्हणजे उष्णता. तरी उणे २६९ अंशांनाही आपण तापमानच म्हणतो आणि कोणाचा घोटाळा होत नाही, कारण ‘तापमाना’च्या शेजारी त्याच्याशी गल्लत होईल असा दुसरा शब्द नाही. आपल्या बोलण्यात तर थंडी वाजूनच ताप येतो! मूळ अर्थ विसंगत असूनही संज्ञा निर्दोष असू शकते. मूळ अर्थ सुसंगत असूनही ती सदोष असू शकते. ‘आवरण’ दुसऱ्या प्रकारात मोडते. याच कारणासाठी ‘कोटेड फायबर सेन्सर’ असे देवनागरीत लिहिल्यानेही प्रश्न सुटत नाही. परका शब्द घेण्यास माझी हरकत नाही; पण त्यासोबत त्याची संदिग्धताही घरात येते.

(६)

टीका करणाऱ्याने पर्याय सुचविला पाहिजे, म्हणून एक प्रस्ताव मांडतो. आतील भागास ‘गाभा’ म्हणतातच. तो शब्द उत्तम आहे. बाहेरच्या काचेस ‘काठ’ म्हणावे. लुगड्याचा काठ मागून शिवलेला नसतो. तो अंगाबरोबर त्याच मागावर विणला जातो. तंतूची बाहेरची काचही गाभ्याबरोबर एकाच ओढीत ओढली जाते. शिवाय नदीचा काठ पाण्याला वळण देतो, तसे हा काठ प्रकाशाला देतो. नीलम तंतूला मग सरळ ‘बिनकाठाचा तंतू’ म्हणता येईल. काठाबाहेर जे चढविले जाते तो ‘लेप’. आणि लेपाचा उल्लेख त्याच्या कार्यासह करावा : रक्षक लेप, कर्षक लेप, उत्सर्जक लेप. ‘लेपित संवेदक’ असे म्हणण्याऐवजी ‘कर्षक-लेपाचा ब्रॅग संवेदक’ असे म्हटले, तर नाव थोडे लांबते; परंतु कर्ता आपल्या जागी येतो.

या प्रस्तावाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिन्ही कार्ये प्रत्यक्षात पूर्णपणे अलग राहत नाहीत. सोन्याचा प्रसरणांक काचेच्या सुमारे पंचवीसपट आहे. म्हणजे रक्षणासाठी दिलेला सोन्याचा लेपही काचेला काही प्रमाणात ओढतोच. अधिक तापविल्यास धातू सैलावतो, आणि थंड होताना तो गेल्या वाटेने परत येत नाही. तापताना आणि निवताना एकाच तापमानाला दोन निरनिराळी वाचने मिळतात, ती यामुळे. अशा संवेदकाचे वाचन उघड्या काचेच्या गुणांकावरून लावले, तर लेपाची ओढ तापमानाच्या खाती जमा होईल. यावर कोणी म्हणेल की, मग वर्गीकरणच व्यर्थ आहे. मला ते उलट वाटते. ‘रक्षक लेप कर्षणही करतो’ हे वाक्य आज आपण लिहू शकतो, कारण आपल्याजवळ दोन शब्द आहेत. ‘आवरण’ या एकाच शब्दात ते लिहिताच येत नाही. आणि जे लिहिता येत नाही ते प्रयोगशाळेतील टिपणवहीतही सहसा येत नाही. परिभाषेचे दारिद्र्य असे मापनातील चुकीपर्यंत पोहोचते.

इंग्रजीतील तज्ज्ञ ‘कोटेड’ या शब्दावर काम भागवितात, मग मराठीनेच एवढा काटेकोरपणा का करावा, असाही प्रश्न विचारला जाईल. उत्तर असे की, त्या तज्ज्ञाभोवती एक मोठा व्यवहार उभा असतो. शब्दाने जे सांगितले नाही ते त्याला सहकाऱ्याच्या बोलण्यातून, कारखान्याच्या पत्रकातून, हाताखालच्या उपकरणातून कळते. मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पुष्कळदा शब्दाखेरीज दुसरे काही नसते. ज्याच्याजवळ आधार कमी, त्याला दिलेला आधार अधिक भक्कम असला पाहिजे.

संज्ञा ठरविण्याचे काम आपल्याकडे बहुधा शब्दांची यादी समोर ठेवून, एकेका शब्दाला एकेक प्रतिशब्द देत होते. मला सुचवावयाचे आहे ते इतकेच की, यादीऐवजी वस्तू समोर ठेवावी. भौतिकशास्त्राचा अध्यापक आणि भाषाशास्त्राचा अध्यापक यांनी एक तुकडा तंतू हाती घेऊन बसावे आणि प्रत्येक थराविषयी तीन प्रश्न विचारावेत : हा काढता येतो काय? काढला तर काय बिघडते? तापमान बदलले तर हा स्वतः काय करतो? उत्तरे भिन्न आली की शब्दही भिन्न हवेत. ‘काठ’ हा शब्द या चर्चेत टिकला नाही, तरी मला खेद होणार नाही. परंतु प्रकाश सोन्याच्या सीमेवरून परततो काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीला ‘ते आवरण वेगळे’ हे उत्तर पुन्हा ऐकावे लागू नये.